घरगुती ग्रीन स्क्रीन आणि छोटी मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळण्यातली एसटी घाटातून धावताना दाखवायची आहे, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांची झुंज रंगवायची आहे किंवा पुठ्ठ्याचं विमान ढगांतून न्यायचं आहे, अशा कामांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे अडलेल्यांचे. हिरवा रंग काढून टाकणं हा यातला सोपा भाग आहे. वीतभर मॉडेल खरोखर मोठं भासवणं अवघड, म्हणून ७ ते १० या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

१. ग्रीन स्क्रीन म्हणजे नक्की काय होतं? आणि हिरवाच रंग का?

मॉडेल एकसारख्या हिरव्या पडद्यासमोर चित्रित करायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की हा रंग जिथे असेल तिथे चित्र आरपार कर. त्या जागी खालच्या थरातलं दुसरं चित्रण दिसतं. या कामाला ‘की करणं’ म्हणतात. कुठला भाग ठेवायचा आणि कुठला काढायचा हे दाखवणारं काळं-पांढरं चित्र म्हणजे मॅट.

हिरवा निवडण्याचं कारण कॅमेऱ्यात आहे. बहुतेक सेन्सरवर दर चार टिपणबिंदूंपैकी दोन हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याचा प्रत्येकी एकच. शिवाय एचडी व्हिडिओच्या उजळपणाच्या हिशोबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असतो. त्यामुळे हिरव्याची माहिती सर्वांत स्वच्छ आणि कमी दाणेदार मिळते. तरीही काही वेळा निळाच घ्यावा लागतो, ते प्रश्न ११ मध्ये.

२. कापड घ्यावं की कागद? हिरवा नेमका कुठला?

मॉडेल फूटभरापेक्षा लहान असेल तर स्टेशनरीच्या दुकानातला हिरवा कार्डपेपर कापडापेक्षा चांगला. त्याला सुरकुत्या पडत नाहीत. साधारण ५६ बाय ७१ सेंटीमीटरचा एक कागद भिंतीला चिकटवा आणि खालची बाजू टेबलावर गोलाईत येऊ द्या. घडी घालू नका, घडीची रेघ सावलीसारखी दिसते. घोटीव कागद अजिबात नको, तो चकाकतो आणि चकाकलेली जागा सॉफ्टवेअरला पांढरी दिसते. साटीन आणि मखमल याच कारणाने बाद.

मोठी जागा झाकायची असेल तर जाडसर सुती कापड किंवा फेल्ट घ्या, इस्त्री करा आणि चारही बाजूंनी चिमटे लावून ताणा. रंग झगझगीत पण शुद्ध हिरवा हवा. पिवळ्याकडे झुकणारा पोपटी नको आणि बाटलीसारखा गडद हिरवाही नको. भिंत किंवा फळी रंगवणार असाल तर रंग मॅट फिनिशचा, म्हणजे बिनचमकीचाच घ्या.

३. कागदाऐवजी टीव्हीवर हिरवा रंग लावून चालेल का?

छोट्या मॉडेलसाठी उत्तम चालतं. उजेड आपोआप सारखा मिळतो आणि मॉडेलची सावली पडद्यावर पडत नाही. फक्त आरजीबी ०, २५५, ० हा भडक हिरवा लावू नका. ०, १७७, ६४ लावा. मॉडेल टीव्हीपासून निदान ५० सेंटीमीटर पुढे ठेवा. पडद्याचे बारीक ठिपके फोकसमध्ये आले की चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा आणि मॉडेलच्या दिव्याचा उजेड टीव्हीच्या काचेवर पडणार नाही असं पाहा.

४. दिवे किती आणि कुठे लावायचे? पडदा किती मोठा लागेल?

पडद्याचे दिवे वेगळे, मॉडेलचे वेगळे. पडद्याला दोन सारखे एलईडी दिवे, डावी-उजवीकडून साधारण ४५ अंशांत, समोर बटर पेपर लावून. बटर पेपर दिव्याला टेकवू नका. हॅलोजन असेल तर एलईडी घ्या, कारण तो कागद पेटवू शकतो.

२० सेंटीमीटरच्या मॉडेलमागे ६० ते ९० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. पण मॉडेल पुढे आलं की त्याच्यामागे दिसणारा पडदा अपुरा पडू लागतो. हिशोब असा: मॉडेलची रुंदी गुणिले कॅमेरा ते पडदा अंतर, भागिले कॅमेरा ते मॉडेल अंतर. कॅमेरा मॉडेलपासून ६० सेंटीमीटरवर आणि पडदा मॉडेलच्या ६० सेंटीमीटर मागे असेल तर २० सेंटीमीटरच्या बसमागे ४० सेंटीमीटर हिरवं हवं. तोच कॅमेरा ३० सेंटीमीटरवर नेला तर ६० सेंटीमीटर लागतं. बस धावणार असेल तर तिच्या संपूर्ण वाटेमागे हिरवं हवं. त्यापलीकडे भिंत, खिडकी, काहीही दिसलं तरी हरकत नाही, तो भाग हाताने कापता येतो (प्रश्न १६).

उजेड सारखा आहे का हे तपासायला पडद्याचा फोटो काढा, फोनच्या एडिटरमध्ये कृष्णधवल करा आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. डोळ्यांना न दिसलेले डाग लगेच उठून दिसतात. पडदा फार उजळही नको. पांढरट झालेला हिरवा हा हिरवा राहत नाही.

५. मॉडेलच्या कडांना हिरवी झाक येते. काय करू?

पडद्यावरून परतलेला हिरवा उजेड मॉडेलवर पडतो, त्याला स्पिल म्हणतात. कारणं तीनच: पडदा फार जवळ, फार उजळ किंवा गरजेपेक्षा मोठा. आधी अंतर वाढवा. मग फ्रेमबाहेरचा सगळा हिरवा काळ्या कागदाने झाका. याचा फायदा अनेकांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त असतो. मॉडेल चकचकीत प्लास्टिकचं असेल तर त्यावर मॅट व्हार्निशचा हलका फवारा मारा, एकदा कोपऱ्यात करून पाहून.

उरलेली झाक सॉफ्टवेअरमधल्या डीस्पिलने जाते. मात्र डीस्पिल जोरात लावला की पिवळे रंग नारिंगी होतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं छप्पर हे त्याचं हमखास बळी जाणारं ठिकाण. क्रोमचे भाग आणि आरसे यांना हे उपाय पुरत नाहीत, त्यासाठी प्रश्न १२.

६. फोनवर कुठली सेटिंग्ज बदलायची?

एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. लॉक नसेल तर लाल बस फ्रेममध्ये शिरताच फोन रंग बदलतो आणि मागचा हिरवाही सरकतो. एचडीआर, ब्यूटी, एआय सीन, पोर्ट्रेट आणि स्टॅबिलायझेशन बंद. फोन स्टँडवर पक्का. जवळ नेल्यावर काही फोन आपोआप मॅक्रो लेन्सवर उडी मारतात, तेही बंद करा. ॲपमध्ये शार्पनेस कमी करता येत असेल तर करा, कारण फोन कडांभोवती जी बारीक उजळ रेघ काढतो ती की केल्यावर तशीच राहते.

रिझोल्युशन ४के ठेवा आणि अंतिम व्हिडिओ १०८०पी मध्ये काढा. फोनचा व्हिडिओ सहसा ४:२:० पद्धतीचा असतो, म्हणजे रंगाची माहिती उभी आणि आडवी दोन्हीकडे निम्मीच साठवली जाते. १०८०पी चित्रणात रंगाचं खरं रिझोल्युशन ९६० बाय ५४० इतकंच असतं. कडा जिन्यासारख्या तुटक दिसतात त्या यामुळेच. ४के लहान करून १०८०पी केला की रंगाची माहिती भरून निघते.

७. की स्वच्छ झाला, तरी खेळणं खेळणंच दिसतं. असं का?

बहुतेक वेळा चार गोष्टी नडतात.

पहिली, कॅमेरा वरून बघतो. आपण खेळण्याकडे वरून बघतो, खऱ्या बसकडे नाही. लेन्स मॉडेलमधल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. १:२४ मॉडेलसाठी (म्हणजे खऱ्या वस्तूपेक्षा २४ पट लहान) ही उंची ६ ते ७ सेंटीमीटर भरते, म्हणजे फोन उलटा करून लेन्स टेबलाजवळ आणावी लागते.

दुसरी, फोकस. बसचं तोंड स्पष्ट आणि शेपूट धूसर दिसली की डोळा लगेच ओळखतो की वस्तू लहान आहे. कॅमेऱ्यावर ॲपर्चर (लेन्सचं भोक) लहान, एफ ११ ते एफ १६ ठेवा आणि उजेड वाढवा. फोनचा सेन्सर लहान असल्याने इथे फोनच फायद्यात असतो. मॉडेल स्थिर असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत सात-आठ फोटो काढून एकत्र करा.

तिसरी, पृष्ठभाग. खऱ्या वस्तूवर धूळ असते, चिखलाचे शिंतोडे असतात, छपरावर पाण्याचे ओघळ असतात. मुलतानी माती पाण्यात अगदी पातळ कालवून चाकांच्या वरच्या भागात ब्रशने लावा, वाळू द्या आणि कापडाने वरून खाली अर्धवट पुसा. जमिनीसाठीची माती मैद्याच्या चाळणीतून चाळा. वाळूचा एक साधा कण १:२४ मॉडेलशेजारी चांगला मोठा खडा दिसतो.

चौथी, वेग. तो पुढच्या प्रश्नात.

८. स्लो मोशन किती ठेवायचं? काही सूत्र आहे का?

आहे. मॉडेल जितके पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतके पट फ्रेम्स वाढवायच्या. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी कमी होत नाही, म्हणून हे लागतं. खरा २० मीटरचा कडा असेल तर दगड खाली यायला सुमारे २ सेकंद लागतात. १:१६ च्या मॉडेलमध्ये तो कडा सव्वा मीटरचा होतो आणि खडा अर्ध्या सेकंदात खाली येतो. फरक चौपट, आणि १६ चं वर्गमूळ ४.

अंतिम व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचा धरला तर १:१६ ला १२०, १:२० ला सुमारे १३५, १:२४ ला सुमारे १४७ आणि १:६४ च्या छोट्या गाड्यांना २४० फ्रेम्स लागतात. फोनवर १२० आणि २४० हेच पर्याय असतील तर जवळचा निवडा.

मॉडेलचं प्रमाण माहीत नसेल तर ओळखीची गोष्ट मोजा. मावळा ८ सेंटीमीटरचा असेल आणि माणूस १६५ सेंटीमीटरचा धरला तर प्रमाण साधारण १:२० येतं.

गाडी ढकलण्याचा वेगही काढावा लागतो: खरा वेग भागिले प्रमाण, गुणिले स्लो मोशनची पट. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १:१६ बस चौपट स्लो मोशनमध्ये असेल तर ती सेकंदाला अडीच मीटर पळायला हवी. दोऱ्याने ओढा, हाताने ढकलून हा वेग एकसारखा राहत नाही.

स्टॉप मोशनला हे सूत्र लागू नाही, तिथे वेग तुम्हीच ठरवता.

९. स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं किंवा पट्टे सरकतात. फोन बिघडला आहे का?

नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून घरातले अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/१०० किंवा १/५० सेकंद असेल तर दर फ्रेममध्ये पूर्ण चक्र मावतं आणि काही दिसत नाही. पण १२० फ्रेम्सला शटर १/१२० पेक्षा हळू असूच शकत नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला चक्राचा वेगळा तुकडा मिळतो.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे गच्चीवरचं ऊन. उजेड स्थिर असतो आणि भरपूरही. २४० फ्रेम्सना ३० फ्रेम्सच्या आठपट उजेड लागतो, तो घरातल्या दिव्यांना सहसा पेलत नाही. उन्हाचा आणखी एक मोठा गुण आहे. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, त्यामुळे त्याने पडणाऱ्या सावल्यांच्या कडा मॉडेलवरही खऱ्या वस्तूसारख्याच कापीव येतात. दिव्याने हे साधायचं तर २ सेंटीमीटर रुंदीचा दिवा सुमारे २.३ मीटर दूर ठेवावा लागतो. घरातच काम करायचं असेल तर बॅटरीवरचे, लुकलुक नसल्याचं नमूद केलेले एलईडी दिवे घ्या आणि आधी दहा सेकंदांची चाचणी करा.

१०. मागचं खरं चित्रण आणि मॉडेल यांचा कोन जुळत नाही. कसं जुळवायचं?

आधी मागचं चित्रण करा, मॉडेल नंतर. घाटातला रस्ता टिपताना चार गोष्टी लिहून ठेवा: लेन्स, कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, बस जिथे येणार त्या जागेपर्यंतचं अंतर आणि कॅमेरा किती अंश झुकवला. ऊन कुठल्या बाजूने होतं तेही.

मग उंची आणि अंतर प्रमाणाने भागा. कॅमेरा १.६ मीटर उंच आणि १२ मीटर दूर होता, मॉडेल १:२४ आहे. तर मॉडेलसमोर तो ६.७ सेंटीमीटर उंच आणि ५० सेंटीमीटर दूर ठेवायचा. लेन्स आणि झुकाव बदलायचा नाही. बदलतात फक्त अंतरं, कोन तेच राहतात. गच्चीवर मॉडेल टिपताना दिवसाची तीच वेळ साधा आणि मॉडेल अशा दिशेला वळवा की ऊन त्याच बाजूने येईल.

११. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरलं आहे. सगळं गवतच गायब होतं!

होणारच. अळीव, गहू, मोहरी यांचे कोवळे कोंब पडद्याच्या हिरव्याच्या फार जवळ असतात. किल्ल्यामागे निळा कार्डपेपर लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये निळा रंग निवडा. निळ्यात चित्र थोडं जास्त दाणेदार येतं, म्हणून पडदा जरा उजळ ठेवा. भगव्या झेंड्यासाठी निळा उलट फायद्याचाच. मावळ्यांचे अंगरखे निळे असतील तर अळीव उगवण्याआधी, मातीचा बोडका किल्ला असताना हिरव्यासमोर चित्रण उरका, किंवा पुढच्या प्रश्नातली पद्धत वापरा.

१२. क्रोमचा बंपर, काचेच्या खिडक्या, आरसे यांना भोकं पडतात. उपाय आहे का?

कॅमेरा हलत नसेल आणि मॉडेल स्थिर असेल किंवा स्टॉप मोशन करत असाल तर फार चांगला उपाय आहे. प्रत्येक स्थितीचे दोन फोटो काढा.

पहिला फोटो: मॉडेलचे दिवे चालू, पडद्याचे बंद. पडदा अंधारा असल्याने बंपरमध्ये हिरवं काहीच दिसत नाही. दुसरा फोटो: मॉडेलचे दिवे बंद, पडद्याचे चालू. मॉडेल काळ्या आकृतीसारखं दिसतं. या दुसऱ्या फोटोचा हिरवा चॅनल घेऊन उलटा करा, की मॅट तयार. तो पहिल्या फोटोला लावा. चित्र पहिल्याचं, कड दुसऱ्याची. खिडकीतून आरपार दिसणारा भाग मॅटमध्ये आपोआप उघडा राहतो. बंपरच्या आत एखादं भोक राहिलंच तर तिथे पांढरा भरा.

दोन फोटोंमध्ये टेबलाला धक्का लागता कामा नये. कॅमेरा टायमरवर किंवा रिमोटवर चालवा आणि दिवे लांबच्या स्विचने लावा.

हलत्या गाडीला ही पद्धत चालत नाही. तिथे काचा मागून काळ्या कागदाने बंद करा, क्रोमवर मॅट फवारा द्या आणि गाडी थोडी तिरपी ठेवा, म्हणजे बंपरमध्ये पडद्याऐवजी बाजूचा काळा कागद दिसेल.

१३. धूर, पाणी आणि आग हिरव्यासमोर कशी घ्यायची?

हिरव्यासमोर घेऊच नका. धूर अर्धपारदर्शक असतो, हिरवा काढला की तोही जातो. काळ्या कापडासमोर, मागून किंवा बाजूने उजेड देऊन धूर स्वतंत्र टिपा आणि एडिटिंगमध्ये ‘स्क्रीन’ हा ब्लेंड मोड लावा. काळं निघून जातं, धूर राहतो. एका उदबत्तीची रेघ उदबत्तीचीच वाटते. चार-पाच एकत्र बांधा आणि स्लो मोशनमध्ये घ्या.

पाणी आणि ज्योत लहान होत नाहीत. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, मॉडेलचं प्रमाण नाही. १:२४ च्या नदीत उडालेला थेंब चेंडूएवढा दिसतो. खरं पाणी वेगळं टिपून जोडा. आगीसाठी होळीची रात्र साधा: दुरून झूम करा, मागे अंधार असेल असा कोन घ्या आणि एक्स्पोजर इतकं कमी ठेवा की ज्वाळा पांढऱ्या न होता नारिंगी दिसतील. मॉडेलला काडी लावू नका. प्लास्टिक आणि थर्मोकोल वितळून चिकटतात आणि त्यांचा धूर घातक असतो.

धुळीला मुलतानी माती चांगली, बारीक असल्याने ती हवेत तरंगते. मास्क लावा आणि लेन्स सांभाळा.

१४. बस रस्त्यावर टेकलेली वाटत नाही, तरंगते.

चाकाखालची सावली हिरव्याबरोबर निघून गेली आहे. दोन मार्ग आहेत. एक, बस हिरव्यावर न ठेवता रस्त्यासारख्या रंगवलेल्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि त्याची कड सॉफ्टवेअरमध्ये मऊ करून खऱ्या रस्त्यात मिसळा. सावली खरी मिळते, म्हणून पसंती याला. दोन, बसच्या मॅटची प्रत काढा, काळी करा, चपटी करून उन्हाच्या उलट दिशेला कलवा, धूसर करा आणि निम्म्याहून थोडी जास्त गडद ठेवा. शिवाय चाक टेकतं तिथे एक अरुंद, जवळजवळ काळा ठिपका हवाच.

१५. विमान टांगायचं कसं?

तंगुसाने टांगलेलं विमान झुलतं आणि तंगूस उन्हात चमकतो. सायकलचा स्पोक मॅट हिरवा रंगवून विमानाच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने खुपसणं जास्त सोपं. स्पोक मॉडेलमागे लपतो आणि उरलेला हिरव्याबरोबर जातो. त्यावर सावली पडली तर तो वेगळा दिसतो, म्हणून त्यालाही पडद्याइतकाच उजेड द्या.

१६. सॉफ्टवेअर कुठलं आणि क्रम काय?

संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. तिच्या फ्यूजन पानावरचा डेल्टा कीअर उत्तम काम करतो. ब्लेंडरमधला कीइंग नोडही चांगला. फोनवर काइनमास्टरमध्ये क्रोमा की आहे, साध्या दृश्यांना चालतो.

क्रम असा ठेवा. आधी मॉडेलभोवती ढोबळ आकार काढून बाहेरचं सगळं फेका, याला गार्बेज मॅट म्हणतात. मग ड्रॉपरने मॉडेलच्या जवळचा हिरवा उचला, कोपऱ्यातला नाही. मग मॅट काळ्या-पांढऱ्यात बघा. खालचा थ्रेशोल्ड (मर्यादा) इतकाच वाढवा की पार्श्वभूमी काळी होईल, वरचा इतकाच कमी करा की मॉडेल आतून पांढरं होईल. दोन्ही ताणले की कड कात्रीने कापल्यासारखी होते. त्यानंतर डीस्पिल, आणि रंग जुळवणं सगळ्यात शेवटी.

मॉडेल नसलेल्या रिकाम्या पडद्याचं पाच सेकंदांचं चित्रण नेहमी घेऊन ठेवा. उजेड असमान असेल तेव्हा डेल्टा कीअरला ते क्लीन प्लेट म्हणून देता येतं.

१७. सगळं जुळलं, तरी मॉडेल चिकटवल्यासारखं दिसतं.

काळा रंग तपासा. खऱ्या चित्रणात २०० मीटर दूरचं काळं हवेमुळे निळसर राखाडी दिसतं, टेबलावरचं मॉडेल मात्र कुळकुळीत काळं राहतं. मॉडेलचा काळा भाग त्याच अंतरावरच्या सावलीइतका उचला. मग मॉडेलला मागच्या चित्रणाइतकंच धूसर करा, आणि दोन्हीवर एकच ग्रेन (बारीक दाणे) शेवटी टाका.

१८. कॅमेरा हलवता येईल का?

पहिले काही व्हिडिओ स्थिर कॅमेऱ्यानेच करा. हलकं पॅन हवं असेल तर संपूर्ण जोडलेलं दृश्य ४के मध्ये तयार करून १०८०पीची चौकट त्यावर सरकवा. खरी हालचाल हवी असेल तर मॉडेलसमोरचं सरकणंही प्रमाणाने भागावं लागतं: खऱ्या जागी २.४ मीटर सरकलात तर १:२४ मॉडेलसमोर १० सेंटीमीटरच, तेही स्लो मोशनच्या पटीने वेगात. ट्रॅकिंगसाठी, म्हणजे कॅमेरा कसा हलला हे सॉफ्टवेअरला कळावं म्हणून, पडद्यावर जरा गडद हिरव्या टेपच्या छोट्या फुल्या लावा, एकावेळी निदान आठ-दहा दिसतील अशा, आणि मॉडेलच्या कडेमागे एकही फुली येऊ देऊ नका.